दोन मांजरं, एकीचे सांधे दुखरे: कॅट ट्री निवडण्याची रीत

कॅट ट्री, म्हणजे मांजरांना चढायला-बसायला खांबांवर फळ्या बसवलेला मनोरा, घेताना बहुतेक घरांत एकच आकडा पाहिला जातो, तो म्हणजे एकूण उंची. १३० सेमी, १५० सेमी, नाहीतर थेट छतापर्यंत. तरुण बोक्यासाठी तेवढं पाहिलं तरी भागतं. पण दुसरी मांजर वयस्कर असेल, किंवा वय कमी असूनही तिचे खुबे, गुडघे, कोपर दुखत असतील, तर आधी पाहायचा आकडा वेगळा आहे: एका फळीपासून पुढच्या फळीपर्यंतचं अंतर. ते न मोजता आणलेल्या कॅट ट्रीवर तरुण मांजर ठाण मांडतं आणि म्हातारी खाली फरशीवरून वर बघत राहते. त्याहून वाईट म्हणजे ती कशीबशी वर जाते आणि उतरताना एकदम उडी टाकून दुखणं वाढवून घेते.

इंदूरमधल्या ओळखीच्या घरांतून हा घोटाळा वारंवार कानावर येतो, म्हणून सगळं क्रमवार लिहिते आहे. क्रम मोडू नका. बहुतेक चुका पहिले दोन टप्पे गाळल्यामुळेच होतात.

सोयीसाठी घरातल्या दोघांना नावं देऊ. ठमी, ११ वर्षांची मांजरी, सांधे दुखरे. बंड्या, २ वर्षांचा बोका, अंगात वारं भरलेला.

टप्पा १: आधी डॉक्टर, मग दुकान

मांजर कुत्र्यासारखं लंगडून दाखवत नाही. बहुतेकदा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात, त्यामुळे एक पाय उचलून धरायची सोयच नसते. ते फक्त हालचाल कमी करतं, आणि आपण म्हणतो, "वय झालं, आता शांत झाली." २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यांपैकी ९० टक्के मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. म्हणजे म्हाताऱ्या मांजराचं दुखणं गृहीतच धरावं आणि शोधावं.

घरी या सहा गोष्टी बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा:

- वर उडी मारणं
- खाली उडी मारणं
- जिना चढणं
- जिना उतरणं
- पळणं
- हलत्या वस्तूचा पाठलाग करणं

उडीआधी ती थबकते का? पलंगावर सरळ न जाता आधी खुर्चीवर आणि मग पलंगावर जाते का? पुढच्या पायांनी पकडून मागचं अंग ओढून घेते का? उतरताना पुढचे पाय कडेवरून खाली सरकवत नेते का? जोडीला पाठीवरचे केस गुंतलेले, नखं वाढून वळलेली, मातीपेटीच्या बाहेर शी-शू, पाठीला हात लावल्यावर फिस्कारणं, अशी लक्षणंही लिहून ठेवा.

व्हिडिओ यासाठी की दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीनं आखडून बसतं आणि तिथं चालणं काही दिसत नाही. ज्यांना आणखी तपासणीची गरज वाटेल त्यांच्यासाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून तासाभराच्या आत आहे.

डॉक्टरांना कॅट ट्रीच्या दृष्टीनं एक प्रश्न मुद्दाम विचारा: दुखणं पुढच्या पायांत जास्त आहे, मागच्या पायांत, की कण्यात?

उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. कोपर किंवा खांदा दुखत असेल तर उतरणं जड जातं, कारण खाली येताना सगळा भार पुढच्या पायांवर पडतो. खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर चढणं जड, कारण ढकलणारा जोर मागच्या पायांचा. कणा दुखत असेल तर वाकून शिरावं लागेल अशी गुहा आणि झोळीसारखी खोल बैठक दोन्ही बाद.

वय कमी म्हणून हा टप्पा गाळू नका. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डमध्ये ज्या जनुकीय दोषामुळे कान दुमडतात तोच दोष अंगभरच्या कूर्चेत असतो, त्यामुळे ही मांजरं लहान वयातच अवघडू लागतात. मेन कूनमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास आढळतो. त्यांच्या बाबतीत दीड-दोन वर्षांच्या पिल्लालाही ठमीच्याच रांगेत धरा.

> सावधान: घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम किंवा कुठलीही माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. ४ किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जिवावर बेतू शकते.

> सावधान: मागचे पाय एकाएकी लुळे पडले, पंजे गार लागले आणि मांजर ओरडू लागलं, तर ते सांध्यांचं दुखणं नाही. पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. सकाळपर्यंत थांबू नका.

टप्पा २: मांजर मोजा, खोली मोजा

बाजारात जाण्याआधी तीन मापं कागदावर हवीत.

पहिलं माप: ठमीची सुखाची पायरी. त्यासाठी जुने दिवाळी अंक किंवा जाड पुस्तकं यांचे गठ्ठे घ्या. सुतळीनं घट्ट बांधा, म्हणजे सरकणार नाहीत. वर दरी टाका. ती रोज जिथं चढते त्या दिवाणाशेजारी हा गठ्ठा ठेवा. सुरुवात १० सेमीनं करा. एक-दोन दिवस तशीच ये-जा होऊ द्या, मग एक-दोन अंक वाढवा. ज्या उंचीवर ती थबकेल किंवा मागचं अंग ओढून घेईल तिथं थांबा. त्याच्या तीन-चतुर्थांश उंची ही तिची पायरी. समजा २० सेमीवर थबकली, तर पायरी १५ सेमीची.

घरात जिना असेल तर अंदाज आणखी लवकर येतो. आपल्या जिन्याच्या पायऱ्या साधारण १५ ते १८ सेमी उंच असतात. त्या ती एका लयीत चढत-उतरत असेल तर १५ सेमी ठीक. प्रत्येक पायरीवर चारही पाय टेकून थांबत असेल तर १० ते १२ सेमीच्या वर जाऊ नका.

माप घेताना ठमी औषधावर आहे की नाही हे लिहून ठेवा. औषधाचा असर असताना घेतलेलं माप जास्त येतं. मी कमी आलेलं मापच धरते. औषध चुकलं त्या दिवशीही जिना चढता आला पाहिजे.

दुसरं माप: लांबी. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. सर्वसाधारण घरगुती मांजर ४५ सेमीच्या आसपास भरतं. बसायची फळी निदान ४० × ४० सेमी आणि आडवं पसरायची फळी ४५ × ६० सेमी हवी. सांधे दुखणारं मांजर अंगाची गुंडाळी करून फार वेळ झोपत नाही, पाय लांब सोडतं. त्यामुळे ३० सेमीची गोल, मऊ, गोजिरी बैठक फोटोत छान दिसली तरी ठमीच्या कामाची नाही.

तिसरं माप: खिडकी आणि तिच्या खालची जागा. मांजराला वर जायचं असतं ते बहुतेकदा बाहेर बघायला. खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. समजा ९० सेमी आहे आणि ठमीची पायरी १५ सेमी. म्हणजे सहा चढ, मध्ये पाच पायऱ्या. प्रत्येक पायरी ३० सेमी खोल धरली तर सरळ रेषेत दीड मीटर भिंत लागेल. छोट्या फ्लॅटमध्ये एवढी मोकळी भिंत कुठून आणायची? यासाठी एक सोपी युक्ती: दिवाण किंवा सोफा मध्ये घ्या. त्याची बैठक साधारण ४५ सेमीवर असते. जमिनीपासून दिवाणापर्यंत दोन पायऱ्या, १५ आणि ३० सेमीच्या. दिवाणावरून पुढे ६० आणि ७५ सेमीवर दोन फळ्या आणि मग ९० सेमीवर कट्टा. निम्मा जिना घरात आधीच उभा असतो.

पायऱ्यांऐवजी घसरणीचा, म्हणजे तिरप्या फळीचा, विचार असेल तर हिशोब करून बघा. दुखऱ्या सांध्यांसाठी २० अंशांपेक्षा जास्त उतार नको. तेवढ्या उतारानं ४० सेमी चढायला जवळजवळ १२० सेमी लांब फळी लागते. म्हणून मी घरात पायऱ्याच सुचवते. घसरण फक्त दिवाणाच्या उंचीपर्यंत, आणि तीही पायरी अजिबात जमत नसेल तरच.

> तपासा: तुमच्या कागदावर पायरीची उंची, फळीची लांबी-रुंदी आणि खिडकीची उंची असे तीन आकडे आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: दोघांचं नातं बघून आराखडा काढा

एकमेकांना टेकून झोपतात, एकमेकांना चाटतात, नाकाला नाक लावतात, तर दोघं एका घरचे. एक दुसऱ्याकडे टक लावून बघतो, दारात किंवा बोळकांड्यात आडवा बसतो, मातीपेटीच्या वाटेवर दबा धरतो, तर ते फक्त एका छताखाली राहतात. मारामारी होत नाही म्हणजे सगळं आलबेल असं समजू नका. मांजरांमधली दादागिरी बहुतेक वेळा आवाज न करता चालते.

नातं दुसऱ्या प्रकारचं असेल तर एक मोठी कॅट ट्री आणण्यापेक्षा दोन खोल्यांत दोन लहान ठेवा. हे मी आग्रहानं सांगते. एकाच मोठ्या ट्रीवर पैसे घालून नंतर दोघांची समजूत घालत बसणं ठमीवर अन्याय आहे, कारण पळून जाणं तिला जमत नाही.

नातं बरं असेल तर एकाच ट्रीला दोन वाटा ठेवा: एका बाजूला ठमीचा जिना, दुसऱ्या बाजूला बंड्याची झेप. बंड्याच्या बाजूला ४० ते ५० सेमीचं अंतर चालतं, त्याला ते हवंच असतं. स्वतःची अवघड वाट मिळाली की तो जिन्यावर कमी रेंगाळतो.

आराखडा काढताना या पाच गोष्टींवर नजर ठेवा.

ठमीची बैठक मधल्या उंचीवर, ६० ते ९० सेमीच्या दरम्यान, खिडकीला लागून. तिला सगळ्यात खालचं घरकुल देऊन बोळवण करू नका. दुखरं मांजरही मांजरच आहे, त्याला वरून बघायचं असतं.

तिच्या बैठकीवरून उतरायच्या वाटा दोन हव्यात. एक जिना, दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर किंवा दिवाणावर. एकच वाट असेल तर बंड्या पायरीवर बसला की ती अडकते, आणि अडकलेली मांजर उडी टाकते. मार्गदर्शकातली बाकी सगळी मापं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बंड्याची वरची फळी ठमीच्या बैठकीच्या बरोबर डोक्यावर नको. वरून पंजा मारणं, शेपटी खेचणं हे त्याच्यासाठी खेळ असतात, तिच्यासाठी नाही. फळ्या निदान फूटभर बाजूला सरकवा.

जिन्याच्या मध्यावर एक रुंद टप्पा, ४५ × ४५ सेमीचा, म्हणजे समोरासमोर आली तर एकमेकांना ओलांडता येईल. गुहा हवी असेल तर तिला दोन तोंडं ठेवा.

पायऱ्या मागून बंद असाव्यात. उघड्या पायऱ्यांच्या फटीत पाय जातो, आणि खालून बंड्याचा पंजा येतो.

टप्पा ४: तयार घ्यायची की सुताराकडून करून घ्यायची

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार ट्रीचा साचा ठरलेला असतो. फळ्या लाकडी भुशाच्या दाबलेल्या बोर्डाच्या, खांब पुठ्ठ्याच्या नळीचे, वर दोरी गुंडाळलेली, सगळीकडे प्लशचं कापड. दोन फळ्यांमध्ये बहुतेकदा ३५ ते ४५ सेमी अंतर. जाहिरातीत हे अंतर लिहिलेलं नसतं. फोटोत फळ्या मोजा आणि एकूण उंचीला भागा. १३० सेमीला तीन फळ्या म्हणजे सरासरी ४३ सेमीची झेप. बंड्याला चालेल. ठमीला नाही.

बहुतेक घरांसाठी मला मधला मार्ग सगळ्यात योग्य वाटतो: बंड्यासाठी मजबूत तयार ट्री घ्या आणि तिला लागून ठमीचा जिना आणि बैठक सुताराकडून करून घ्या. दोन्हीचं काम वेगळं आहे, म्हणून वस्तूही वेगळी असावी.

तयार ट्री निवडताना पाया निदान ६० × ६० सेमीचा, खांब ८-९ सेमी जाड आणि भिंतीला बांधायची पट्टी सोबत. पावसाळ्यात आणि कूलरच्या ओलाव्यात भुशाचा बोर्ड फुगतो आणि स्क्रू ढिले पडतात. कूलर असलेल्या खोलीत ठेवायची असेल तर फळ्या प्लायच्या आहेत का ते विचारून घ्या.

सुताराला तोंडी सांगू नका, मापांचा कागद द्या. त्यावर हेही लिहा:

- प्लाय १८ मिमी, आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला, बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणाऱ्या) दर्जाचा. साधा एमआर प्लाय ओल धरतो.
- सगळ्या कडा आणि कोपरे घासून गोल.
- जोड नुसत्या खिळ्यांनी नाही, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. स्क्रूची डोकी आत बसलेली.
- पायरीच्या वरच्या बाजूला सनमायका नाही.

शेवटची ओळ अधोरेखित करा. सुतार हौसेनं सनमायका लावून देतात, कारण माणसांच्या फर्निचरला ते शोभतं. त्यावर मांजराचा पंजा घसरतो. दुखऱ्या खुब्याचं मांजर एकदा घसरलं की पुन्हा त्या वाटेला जात नाही.

पायरीवर सुती दरी किंवा सतरंजी ताणून बसवा. खालून वेल्क्रो लावली तर काढून धुता येते, आणि म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत धुवायची वेळ येतेच. टॉवेलसारखे फासे असलेलं कार्पेट नको. वाढलेलं नख फाशात अडकतं, मांजर हिसका देतं आणि सांधा मुरगळतो.

> सावधान: वाळवीसाठी लाकडाला औषध मारायचं सुतारानं सुचवलं तर नाही म्हणा. परमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मांजरांना अत्यंत विषारी असतात. पॉलिश केलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत ट्री गच्चीवर किंवा गॅलरीत राहू द्या.

*दोरी आणि खांब.* नखं घासायला खांब ८० ते ९० सेमी उंच हवा, म्हणजे बंड्याला पूर्ण ताणून उभं राहता येईल. ९० मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो, आत लाकडी ठोकळा बसवून खालून बोल्ट मारायचा. दोरी ८ मिमीची घायपाताची. ८० सेमी उंचीला शंभर वेढे बसतात, एका वेढ्याला सुमारे ३१ सेमी, म्हणजे ३१ मीटर. गाठींसकट ३४ मीटर घ्या. बोल्ट, अँगल, दोरी हा सगळा माल सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत एका फेरीत मिळू शकतो. दोरी घेताना नाकाला लावून बघा. तागाच्या काही दोऱ्यांना तेलाचा, घासलेटासारखा वास येतो. ती घेऊ नका.

ठमीसाठी उभ्या खांबावर भिस्त ठेवू नका. मागच्या पायांवर उभं राहून ताणणं तिला दुखतं. तिच्यासाठी जमिनीवर आडवा पुठ्ठ्याचा स्क्रॅचर किंवा दोरी गुंडाळलेली तिरपी फळी ठेवा. नखं घासायला सोय नसली की ती जाड होतात आणि चालणं आणखी बिघडतं.

टप्पा ५: उभी करणं आणि हलवून बघणं

डुगडुगणारी ट्री तरुण मांजर खपवून घेतं. सांधे दुखणारं मांजर खपवून घेत नाही, कारण तोल सावरण्याचं काम त्याच सांध्यांना करावं लागतं.

जुळवणी झाली की सगळ्यात वरच्या फळीच्या बाहेरच्या कडेवर आट्याची १० किलोची पिशवी ठेवा. मग ट्री बाजूनं ढकला. पाया उचलला जात असेल तर ती नापास.

भिंतीला दोन ठिकाणी अँगलनं बांधा. विटांच्या भिंतीत साधे प्लग-स्क्रू पुरतात. जुन्या वाड्यांच्या चुन्या-मातीच्या भिंतीत वरचा गिलावा भुसभुशीत असतो, तिथं लांब स्क्रू आत विटेपर्यंत गेला पाहिजे. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर ट्री कोपऱ्यात ठेवा आणि पायावर वजन द्या. कोटा फरशीचा ६० × ६० सेमीचा, २५ मिमी जाडीचा तुकडा सुमारे २३ किलो भरतो. बांधकामातून उरलेला असा तुकडा बहुतेक घरांत पडलेला असतो. पायाच्या फळीवर घट्ट बसवून वर दरी घाला.

जिना आणि ट्री एकमेकांना बोल्टनं जोडा. नुसती शेजारी ठेवली तर बंड्याच्या पहिल्याच झेपेत फट पडते.

> तपासा: हात फिरवून बघा. स्टेपलची टोकं, बाहेर आलेले स्क्रू, सुटलेली दोरी, पायरी आणि ट्रीमध्ये पाय अडकेल एवढी फट, यांपैकी काहीही राहिलं नाही ना?

टप्पा ६: जागा

दक्षिणेची खिडकी मिळाली तर उत्तम. हिवाळ्यात सूर्य त्या बाजूला कललेला असतो आणि ऊन आत येतं. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तापते. तिथंच ठेवायची असेल तर पडदा हवा.

मांजराला सुखाचं वाटणारं तापमान माणसापेक्षा बरंच वरचं, ३० अंशांच्या पुढचं असतं. माळव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा गार फरशीवर झोपलेलं म्हातारं मांजर सकाळी आखडलेलं दिसतं. ठमीच्या बैठकीवर जुन्या गोधडीचे दोन-तीन पदर टाका. फार जाड फोम नको. त्यात पाय रुततात आणि उठताना जोर लावावा लागतो. उन्हाळ्यात कूलर किंवा एसीचा झोत थेट तिच्या अंगावर येणार नाही हे बघा.

खिडकीला जाळी हवीच. उंचावर बसायची सोय केल्यावर उघडी खिडकी ठेवणं धोक्याचं आहे, मग घर पहिल्या मजल्यावर असो की आठव्या.

जिन्यापुढं निदान एक मीटरभर न सरकणारं रबराचं मॅट टाका. विट्रिफाइड टाइल किंवा पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर नुसती सतरंजी टाकली तर शेवटच्या पायरीवरून उतरताना सतरंजीसकट मांजर घसरतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते.

खाणं, पाणी आणि मातीपेटी जमिनीवरच. दोन मांजरांना तीन पेट्या, वेगवेगळ्या जागी. ठमीच्या पेटीची एक बाजू ८-१० सेमीपेक्षा उंच नको. आसपासची फरशी फिनाइलनं पुसू नका. फिनॉलयुक्त जंतुनाशक पंजांना लागतं, मांजर ते चाटतं आणि ते त्याला बाधतं.

टप्पा ७: ओळख करून देणं

इथं घाई झाली की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

१. ठमीची जुनी खुर्ची, जुना कोपरा हलवू नका. नवी ट्री वापरात येऊन महिना झाल्याशिवाय काहीही काढायचं नाही.

२. पहिल्या दिवशी बंड्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. ठमीचं न धुतलेलं पांघरूण तिच्या बैठकीवर टाका. तिचा वास तिथं आधी पोचू दे.

३. पहिल्या दोन पायऱ्यांवरच खाऊ ठेवा. ती दोन पायऱ्या चढून उतरली की त्या दिवसापुरतं बस. पुढची पायरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

४. तिला उचलून वर ठेवू नका. हा मोह सगळ्यांना होतो. उचलून ठेवलेल्या मांजराला वर कसं आलो हेच माहीत नसतं, त्यामुळे उतरायची वाटही माहीत नसते आणि ते सरळ खाली उडी टाकतं. पायापायानं चढून गेलेली मांजर त्याच वाटेनं पायापायानं उतरते.

५. ती जिन्यानं सहज खाली येते हे काही दिवस दिसल्यावरच बंड्याला त्या खोलीत सोडा. त्याआधी त्याला दोरीच्या खेळण्यानं दमवून घ्या आणि त्याच्या बाजूनं खाऊ दाखवून झेपेची वाट शिकवा.

६. बंड्या जिन्यावर आडवा बसला तर ओरडू नका, पाणी मारू नका. खेळणं दुसऱ्या टोकाला टाका, तो तिकडं जाईल. हे वारंवार होत असेल तर जिन्याचा खालचा भाग दिवाणाच्या आडोशाला वळवा, किंवा ठमीची दुसरी वाट रुंद करा.

जिन्यावर लेझर किंवा पिसाचं खेळणं फिरवू नका. बंड्याशी खेळताना ठमीही भान विसरून झेप घेते, आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही.

> तपासा: दोघंही एकाच वेळी ट्रीवर असताना ठमी खाली उतरू शकते का? दाराआडून दोन-तीन वेळा बघा. तुम्ही समोर असताना बंड्या वेगळा वागतो.

टप्पा ८: देखरेख

पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर महिन्यातून एकदा. ठमीची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. वजन काट्यावर बघत राहा. जाड मांजराचं वजन हळूहळू उतरवलं तर सांध्यांना मोठा आराम मिळतो, पण एकदम उपाशी ठेवू नका, त्यानं यकृत बिघडतं.

दीड महिन्यानं टप्पा १ मधले सहा व्हिडिओ पुन्हा काढा, त्याच जागांवर, त्याच वेळी. दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि डॉक्टरांनाही दाखवा. ठमी जिना वापरते पण पूर्वी करत होती त्या बाकीच्या हालचाली कमी झाल्या असतील, तर जिन्यात काही बदलायचं नसून औषध बदलायची वेळ आली आहे.

चढते पण उतरताना थबकते, तर खालच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये अर्धी पायरी घाला. कोपर दुखणाऱ्या मांजराला उतरतानाची शेवटची पायरी सगळ्यात जड जाते, कारण फरशी कडक असते. १५ सेमीच्या पायरीपुढं ७ सेमीचा, दरी गुंडाळलेला लाकडी पाट ठेवला की भागतं. नोव्हेंबर संपता संपता तो पायरीपुढं मांडा आणि थंडीचे दिवस सरेपर्यंत तिथंच राहू द्या.